‘एनई १४-२१-२७ डब्ल्यू ४’ म्हणजे नेमकी कुठली जमीन?

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही मूळचे कराडकडचे, सध्या कॅलगरीत. तिघे मित्र मिळून शहराच्या आग्नेयेला एक ‘क्वार्टर’ (चौरस मैलाचा चौथा भाग) शेतजमीन घ्यायचं चाललंय. कागदावर जागेचं वर्णन आहे ‘एनई १४-२१-२७ डब्ल्यू ४’. विकणारा १६० एकर म्हणतो, टायटलवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, मात्र १५८.९७ दिसतात. जमीन बघायला जाताना उत्तर-दक्षिण सरळ चाललेला रस्ता एका ठिकाणी अचानक संपला आणि दोन-तीनशे मीटर बाजूला सरकून पुन्हा सुरू झाला. त्यामुळे ‘इथली मोजणीच चुकलेली आहे का’ अशी शंका आली. आणि जाता जाता विचारलंत की गावाकडचे सर्व्हे नंबर वाकडेतिकडे आणि इथली शेतं चौकोनी कशी, मोजणी तर दोन्हीकडे इंग्रजांच्याच राज्यात झाली.

मी महाराष्ट्रात भूमी अभिलेख खात्यात नऊ वर्षं भूकरमापक होतो, सातारा-सांगली भागात. नंतर इकडे आलो आणि अल्बर्टा व सस्कॅचेवानमध्ये सर्व्हे पार्टीबरोबर बावीस वर्षं फिरलो. दोन्हीकडची साखळी हाताळली आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, आणि तुमचं टायटल मी पाहिलेलं नाही. शिवाय तुम्ही तिघे नागरिक आहात, पीआर (कायम रहिवासी) आहात की वर्क परमिटवर, हे लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे, कारण नागरिक किंवा पीआर नसलेल्या माणसाला अल्बर्टात शेतजमिनीचे फार तर दोन तुकडे, तेही मिळून २० एकरांपर्यंतच, घेता येतात. हे सगळ्यात आधी तपासा.

तुमचा प्रश्न एक-दोन एकरांचा वाटतो, पण तो तसा नाही. हद्द कागद ठरवतो की जमिनीतली खूण, हा खरा प्रश्न आहे. कराडला त्याचं उत्तर एक आहे, इथे दुसरं. कारण कराडला शेतकरी आधी होता आणि मोजणीदार नंतर आला. इथे सरकारने रेघा आधी मारल्या आणि शेतकरी नंतर आणून बसवला. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी पत्ता वाचू. तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. ‘डब्ल्यू ४’ म्हणजे चौथ्या मेरिडियनच्या पश्चिमेला. पहिली मेरिडियन, म्हणजे दक्षिणोत्तर मूळ रेषा, विनिपेगच्या थोडं पश्चिमेला आहे. तिथे १० जुलै १८७१ रोजी पहिली खूण रोवली गेली. मग पश्चिम रेखांश १०२, १०६, ११०, ११४ अशा दर चार अंशांना पुढच्या रेषा. चौथी ११० अंशावर आहे, तीच आज अल्बर्टा आणि सस्कॅचेवानची सीमा. पाचवी तुमच्या कॅलगरी शहरातूनच जाते. ‘२७’ म्हणजे चौथ्या रेषेपासून पश्चिमेला सत्ताविसावा सहा मैलांचा पट्टा, त्याला रेंज म्हणतात. ‘२१’ म्हणजे अमेरिकेच्या सीमेपासून, म्हणजे ४९ अक्षांशापासून, उत्तरेकडे एकविसावा सहा मैलांचा पट्टा. हे दोन पट्टे जिथे एकमेकांना छेदतात तो सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप. नावात टाउन असलं तरी तिथे गाव असायलाच पाहिजे असं नाही.

टाउनशिपचे एक-एक मैलाचे ३६ सेक्शन. नंबर आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात. खालची ओळ १ ते ६ पूर्वेकडून पश्चिमेकडे, त्यावरची ७ ते १२ उलट पूर्वेकडे, मग पुन्हा पश्चिमेकडे. बैल नांगरताना तासाच्या टोकाला वळतो आणि परत येतो, तसं. त्यामुळे १४ नंबर तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा. एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचे चार भाग १६० एकरांचे. ‘एनई’ म्हणजे ईशान्येचा भाग. अर्धा मैल बाय अर्धा मैल. आपल्या हिशेबात ६४०० गुंठे.

एवढ्या माहितीवर मी न बघता काही गोष्टी सांगू शकतो. तुमच्या तुकड्याच्या पूर्वेला रस्ता आहे आणि तो रेंज रोड २७१ असणार. उत्तरेच्या बाजूला मात्र सरकारी रस्त्याची जागा नाही. १८८१ मध्ये सरकारने पद्धत बदलली. त्याआधी प्रत्येक सेक्शनच्या चारही बाजूंना ९९ फुटांचा रस्ता सोडत, त्यानंतर ६६ फुटांचा, आणि तोही पूर्व-पश्चिम दिशेला दर दोन मैलांनीच. १४ आणि उत्तरेचा २३ यांच्यामध्ये रस्ता येत नाही, या हद्दीला इकडचे लोक ‘ब्लाइंड लाइन’ म्हणतात. तेव्हा विकणारा जर ‘उत्तरेकडूनही वाट आहे’ म्हणत असेल तर ती शेजाऱ्याच्या शेतातली वहिवाट असेल, हक्काची असेलच असं नाही. लेखी मागा.

आता तो तुटलेला रस्ता. त्यात कुणाची चूक नाही, उलट मोजणी करणाऱ्यांनी पृथ्वीचा गोलपणा प्रामाणिकपणे हिशेबात धरल्याची ती खूण आहे. कलिंगडावरच्या हिरव्या पट्ट्या बघा, मध्यावर रुंद असतात आणि देठाकडे जवळ येत जातात. उत्तर-दक्षिण रेषांचं तेच होतं. तुमच्या अक्षांशावर, म्हणजे ५० अंशांच्या वर, सहा मैल रुंदीचा पट्टा उत्तरेला सहा मैल गेला की साधारण १७ मीटरने अरुंद होतो. हे असंच चालू दिलं तर शेवटच्या शेतकऱ्याला १६० एकर मिळणारच नाहीत. म्हणून दर चार टाउनशिपना, म्हणजे सुमारे २४ मैलांना, एक नवी पायारेषा घेत आणि तिच्यावर पुन्हा पूर्ण सहा मैल मोजत. एका पायारेषेवरून उत्तरेला दोन टाउनशिप आखायच्या, पुढच्या पायारेषेवरून दक्षिणेला दोन. या दोन आखण्या जिथे भेटतात तिथे त्यांच्या उभ्या रेषा जुळत नाहीत. ती ‘करेक्शन लाइन’. रस्ते रेषांवरूनच जातात म्हणून तिथे वळण येतं. मूळ मेरिडियनपासून जितकं पश्चिमेला जाल तितकी ही तफावत साचत जाते, आणि तुम्ही सत्ताविसाव्या रेंजमध्ये आहात, म्हणजे पुष्कळच पश्चिमेला.

टाउनशिप २१ ची दक्षिण हद्द हीच एक पायारेषा आहे. तिच्या उत्तरेची करेक्शन लाइन २२ आणि २३ यांच्यामध्ये येते, म्हणजे तुमच्या तुकड्याच्या उत्तर हद्दीपासून सुमारे नऊ मैल वर. कॅलगरीहून खाली येताना तुम्हाला रस्ता तुटलेला दिसला तो बहुतेक तिथेच. तुमच्या हद्दीशी त्याचा संबंध नाही.

१५८.९७ चं काय? माझा अंदाज असा. जुना सरकारी रस्ता ६६ फुटांचा. पुढे अनेक ठिकाणी तो १०० फुटांचा केला, त्यासाठी दोन्ही बाजूंच्या शेतांतून १७-१७ फूट घेतले. तुमची पूर्व हद्द अर्धा मैल, म्हणजे २६४० फूट. २६४० गुणिले १७ म्हणजे ४४,८८० चौरस फूट, एकरात १.०३. ते १६० मधून वजा करा, १५८.९७ येतात. तेव्हा एकर कुणी चोरलेला नाही, तो रस्त्यात गेलाय. टायटलवर ‘एवढं वगळून’ अशा अर्थाची ओळ आणि रोड प्लॅनचा नंबर असेल, तो प्लॅन लँड टायटल्सच्या ऑनलाइन शोधातून थोड्या पैशात मिळतो. नंबर नसेल तर मात्र माझा अंदाज चुकला आणि सर्व्हेअरला विचारायला हवं.

पण १६० हा आकडासुद्धा ब्रह्मवाक्य नाही. टायटलवर आकड्यानंतर ‘कमी-अधिक’ अशा अर्थाचे शब्द असतात. ते उगाच नसतात. १८८३ च्या एका हंगामात या प्रदेशात सुमारे २ कोटी ७० लाख एकर मोजले गेले. त्याच वर्षी कॅनेडियन पॅसिफिकची रेल्वे कॅलगरीला पोचली. सरकारला घाई होती, वसाहतीला माणसं हवी होती, आणि मोजल्याशिवाय जमीन देता येत नव्हती. घाईत, दलदलीत, डासांत, साखळी ओढत केलेल्या कामात काही फुटांचा फरक पडणारच. मी स्वतः असे क्वार्टर मोजलेत जे १५९ भरले आणि असेही जे १६१ च्या वर गेले.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? मूळ मोजणीत रोवलेली खूण जिथे आहे, तीच हद्द. ती आठ फूट चुकीच्या जागी रोवली असली तरी. कारण होमस्टेडर, म्हणजे सरकारी जमीन कसायला घेणारा वसाहतकरी, आला तेव्हा त्याला दाखवायला ती एकच गोष्ट होती. १८७२ च्या डोमिनियन लँड्स ॲक्टनुसार त्याने दहा डॉलर फी भरायची, त्या खुणेला धरून घर बांधायचं, जमीन फोडायची, तीन वर्षं राहायचं, मग ती त्याच्या नावावर. खूण हलली तर चारही शेजाऱ्यांच्या आयुष्याचा पाया हलला. म्हणून इथे कागदावरचा आकडा खुणेपुढे नमतो.

त्या खुणा बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्याचं मला आजही अप्रूप आहे. कोपऱ्यावर लोखंडी किंवा लाकडी खुंट आणि आजूबाजूला चार खड्डे, त्यातली माती उपसून घातलेला उंचवटा. आज खुंट बहुधा नसतो, आणि नांगरलेल्या रानात खड्डेही नसतात. पण न फुटलेल्या गवताळ कुरणात सव्वाशे वर्षांनंतरही चार उथळ खळगे दिसतात. तिथे ओल जास्त टिकते म्हणून गवताचा रंग वेगळा असतो. एकदा सस्कॅचेवानच्या हद्दीजवळ लोखंड शोधणारं यंत्र काहीच बोलत नव्हतं. आमच्या पार्टी चीफने थांबायला सांगितलं, आणि संध्याकाळचं तिरपं ऊन पडल्यावर चारही खळगे सावलीने उठून दिसले. मग करणीने, एकेक इंच माती खरवडत खाली गेलो तेव्हा कुजलेल्या लाकडाचं काळपट वर्तुळ सापडलं. खुंट गेला होता, त्याची जागा तशीच होती. तेवढ्या डागावर चार सेक्शनचा कोपरा ठरला. मोठमोठी यंत्रं हातात आली तरी मला ती संध्याकाळ विसरता येत नाही.

आता कराडच्या प्रश्नाकडे. तो तुम्ही जाता जाता विचारलात, मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटला.

आपल्याकडे इंग्रज आले तेव्हा शिवार भरलेलं होतं. बांध होते, वहिवाट होती, कुणाचा मळा कुठला हे गावाला ठाऊक होतं. सरकारला नवे शेतकरी बसवायचे नव्हते, असलेल्या शेतकऱ्याकडून सारा हवा होता. प्रिंगल यांची पुणे भागातली पहिली मोजणी आणि आकारणी लोकांना झेपली नाही, जमिनी पडीक पडल्या, लोक गाव सोडून गेले. मग १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम केलं, दर कमी केले आणि तीस वर्षांसाठी बांधून दिले. पडीक रान पुन्हा लागवडीखाली आणणं हा त्यातला मोठा हेतू होता. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की झाली. सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा झालं, त्यानंतर ती तुमच्या भागात आली. सर्व्हे नंबरचा आकार ठरवताना एका बैलजोडीला किती जमीन कसता येईल याचा विचार असे, आणि हद्द शक्यतो असलेल्या बांधाने, ओढ्याने, वाटेने जाई. म्हणून तुमचा नंबर वाकडा आहे. ओढा वाकडा, म्हणून नंबर वाकडा.

गंमत म्हणजे दोन्ही साखळ्या सख्ख्या बहिणी आहेत. इथली साखळी ६६ फुटांची, ८० साखळ्या म्हणजे मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एकर. आपली शंकू-साखळी ३३ फुटांची, बरोबर निम्मी, सोळा आण्यांत विभागलेली. ३३ बाय ३३ म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठे म्हणजे तोच एकर. माप एकच होतं, ते कशासाठी लावलं यात फरक होता. आपल्याकडे ओढ्यानाल्याखालची, खडकाची जागा पोटखराबा म्हणून आकारणीतून बाजूला काढत. इथे लहानसहान डबकी १६० एकरांतच मोजलेली आहेत. रेघ पाणी बघत नव्हती, माती बघत नव्हती. मोजणीदार आपल्या वहीत मातीचा दर्जा लिहून ठेवत, पण रेघ जायची तिथूनच जायची. या कोरड्या भागातल्या कितीतरी क्वार्टरवर पिण्यापुरतंही पाणी नव्हतं, आणि १९३० च्या दशकातल्या दुष्काळात अशी असंख्य शेतं सोडून माणसं निघून गेली. तुमच्या तुकड्यावर विहीर आहे का आणि तिला बारमाही पाणी आहे का, हे एकरांच्या आधी विचारा.

‘इथे आधी कुणी नव्हतंच, म्हणून चौकोन आखता आले’ असं बरेच जण सांगतात. तुमच्याही प्रश्नात ते वाक्य आहे. ते खरं नाही, आणि मोजणीच्या धंद्यातल्या माणसाने तरी ते बोलू नये. रेड नदीच्या काठी मेटी, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांची शेतं होती. नदीला अरुंद तोंड आणि मागे दोन मैल लांब पट्टा, म्हणजे प्रत्येकाला पाणी, झाडोरा, शेत आणि गवत थोडं थोडं मिळे. हडसन्स बे या इंग्रज व्यापारी कंपनीकडून हा मुलुख कॅनडाकडे १५ जुलै १८७० रोजी आला. पण सरकारने १८६९ मध्येच, ताबा मिळण्याआधी, कर्नल डेनिस यांना मोजणीला पाठवलं. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी मोजणीची तुकडी आंद्रे नो या शेतकऱ्याच्या गवताच्या रानात साखळी ओढत शिरली, तेव्हा मेटींचा पुढारी लुई रिएल आणि त्याचे सोबती त्या साखळीवर पाय देऊन उभे राहिले. काम थांबलं. त्या विरोधातून मॅनिटोबा प्रांत जन्माला आला आणि तिथले बरेचसे नदीकाठचे पट्टे तसेच राखले गेले. विनिपेगच्या नकाशात ते आजही दिसतात. पण मेटी कुटुंबं पुढे पश्चिमेला सस्कॅचेवान नदीकाठी गेली आणि तिथेही जमिनीच्या दाव्यांची तीच तक्रार साचत राहिली. मे १८८५ मध्ये बटोशला लढाई झाली आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला रिएलला रजायनात फाशी दिली.

तुमचा तुकडा ज्या भूमीत आहे तिथे २२ सप्टेंबर १८७७ रोजी ब्लॅकफूट क्रॉसिंगला सातवा करार झाला. सिक्सिका, काइनाई, पिकानी, त्सूतिना आणि स्टोनी नाकोडा या लोकांशी. त्यात पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल या हिशेबाने राखीव जमीन ठरली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सगळं माळरान वापरलं त्यांना असा चौकोन, आणि उरलेलं रान नंबर टाकून वाटपाला मोकळं. सर्वसाधारणपणे सम नंबरचे सेक्शन होमस्टेडला, बरेचसे विषम नंबर रेल्वेला, ८ आणि २६ मुख्यतः हडसन्स बे कंपनीला, ११ आणि २९ शाळांच्या खर्चासाठी. तुमच्या १४ च्या लगेच दक्षिणेला जो ११ नंबर आहे तो मूळचा शाळेचा. माणसं यायच्या आत शाळेची सोय कागदावर झाली होती, आणि जी माणसं आधीपासून होती त्यांची जागा मात्र नंतर शोधली गेली. ही दोन्ही वाक्यं एकाच मोजणीबद्दल खरी आहेत.

आता व्यवहाराचं, पटापट. इथलं टायटल म्हणजे बहुतेक वेळा फक्त जमिनीचा वरचा थर. १८८७ नंतरच्या सरकारी वाटपात खनिजं सरकारने राखून ठेवली, त्यामुळे खालचं तेल-वायू तुमचं नसण्याचीच शक्यता जास्त. तेल कंपनीचा सरफेस लीज (वरची जमीन वापरण्याचा भाडेकरार), तेल-वायूची जुनी बंद विहीर, पाइपलाइनचा पट्टा यांची नोंद टायटलवर शोधा. घर, गोठा असं बांधकाम असेल तर परवानाधारक अल्बर्टा लँड सर्व्हेअरकडून अहवाल घ्या. नुसतं रान असेल आणि तारेचं कुंपण सरळ, जुनं, दोन्ही शेजाऱ्यांना मान्य असेल तर मी पूर्ण मोजणीचा आग्रह धरणार नाही. खर्च मोठा असतो. मात्र कुंपण कोपऱ्यापासून बाजूला सरकलेलं दिसलं, किंवा तुम्ही हद्दीलगत काही बांधणार असाल, तर कोपरे शोधून घ्या. कराडला बांध कोरला की तलाठी, मोजणी आणि मग भावकी असा मार्ग असतो. इथे शेजारी शंभर वर्षं काहीच बोलत नाही आणि विकायच्या दिवशी प्रश्न उभा राहतो.

शक्य असेल तर ईशान्येच्या कोपऱ्यावर स्वतः जा. पीक काढल्यावर ऑक्टोबरात, किंवा बर्फ वितळल्यावर गवत वाढायच्या आत. रेंज रोड २७१ वर गाडी लावा, कुंपणाच्या टोकाशी पूर्वेचा रस्ता आणि उत्तरेची ब्लाइंड लाइन मिळते तिथे उभे राहा, आणि ऊन तिरपं असताना पायाखाली बघा. लोखंडी खुंट दिसला तर फोटो काढा, पण हात लावू नका, तो उपटणं किंवा हलवणं इथे फौजदारी गुन्हा आहे. खळगे दिसले तर मला फोटो पाठवा, मी बघून सांगेन.